‘नाही’ म्हटलेले आणि विचारायचे राहिलेले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे चार दिवस राहायला आला, तो नवा लॅपटॉप आणि एक तक्रार घेऊन. पॉलिटेक्निकचे शेवटचे वर्ष. कॉलेजात सगळे लिनक्सवर चालते, म्हणून त्यानेही लॅपटॉपवर लिनक्स टाकलेले. पण लॅपटॉप त्या वर्षीचा आणि लिनक्स दोन वर्षांपूर्वीचे. त्यामुळे वायफायची चिप त्याला ओळखूच येईना. मोबाइल केबलने जोडून तो नेट वापरत होता आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत होता. आठ दिवसांनी प्रोजेक्टचा ऑनलाइन आढावा होता. लिनक्सची पुढची आवृत्ती टाकावी, तर प्रोजेक्टची सगळी सॉफ्टवेअर मोठ्या कष्टाने याच आवृत्तीवर बसवलेली. वर्गातल्या कोणीतरी सांगितले की नव्या कर्नेलमध्ये या चिपचा ड्रायव्हर आला आहे, तेवढे कर्नेल कंपाइल करून घे.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कर्नेल म्हटले की फौजेतला अधिकारी आठवतो, म्हणून आधी तेवढे सांगते. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये बसणारा जो मुख्य प्रोग्राम, तो कर्नेल. डिस्क, कीबोर्ड, पडदा, वायफाय या सगळ्यांशी बोलणे त्याच्याकडेच असते. लिनक्सचे कर्नेल लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असताना लिहायला घेतले. आज त्याचा मूळ मजकूर तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे, तो कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, आणि साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते.

या तीन कोटी ओळी सगळ्यांना लागत नाहीत. त्यात सर्व्हरच्या कपाटात बसणारी कार्डे आहेत, मोबाइलमधल्या चिप आहेत, कारखान्यातली यंत्रे आहेत. म्हणून कंपाइल करण्यापूर्वी कर्नेल आपल्याला प्रश्न विचारते. हे घ्यायचे का? बहुतेक प्रश्नांना तीन उत्तरे असतात. ‘वाय’ म्हणजे घ्या आणि कर्नेलच्या पोटातच ठेवा. ‘एम’ म्हणजे वेगळे मॉड्यूल करून बाजूला ठेवा, गरज पडली की आत घेऊ. ‘एन’ म्हणजे नको. असे प्रश्न हजारोंनी आहेत. एकेकाचे उत्तर समजून द्यायचे तर पूर्ण उन्हाळी सुट्टी जाईल.

तसे कोणी करतही नाही. शाळेत जूनमध्ये वेळापत्रक बनवताना आम्ही कोऱ्या कागदावर सुरुवात करत नाही. मागच्या वर्षीचा तक्ता काढतो, बदललेले शिक्षक, वाढलेली तुकडी, नवा विषय एवढे पाहतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. कर्नेलचेही तेच. तुमच्या लॅपटॉपवर आज जे कर्नेल चालू आहे ते कोणीतरी याच हजारो प्रश्नांची उत्तरे देऊनच बनवले आहे, आणि ती उत्तरपत्रिका तुमच्याच डिस्कवर ठेवलेली असते. ‘बूट’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ या शब्दापुढे कर्नेलचा आवृत्ती क्रमांक लावलेली फाइल दिसेल, तीच ती. काही कर्नेल ही यादी स्वतःच्या पोटातही बाळगतात आणि ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये दाबून ठेवलेल्या फाइलच्या रूपात दाखवतात. ही फाइल उचलायची, नव्या कर्नेलच्या मजकुराच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिचे नाव बदलून ‘डॉट कॉन्फिग’ करायचे. नावाच्या सुरुवातीलाच टिंब असल्याने ती एरवी लपलेली राहते. फाइल गायब झाली म्हणून घाबरू नका. भाचा घाबरला होता.

मग ‘मेक ओल्डकॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची. नवे कर्नेल जुनी उत्तरपत्रिका वाचते. ज्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात आहेत ते पुन्हा विचारत नाही. मधल्या काळात जे नवे प्रश्न तयार झाले तेवढेच एकेक करून समोर आणते, आणि प्रत्येकापुढे ‘न्यू’ असा शिक्का असतो. उत्तरांची अक्षरे कंसात दिसतात, त्यांतले मोठे अक्षर हे ठरावीक उत्तर. नुसते एंटर दाबले तर ते लागू होते. प्रश्नचिन्ह दाबले तर दोन-चार ओळींची माहिती मिळते, आणि कित्येकदा तिच्या शेवटी सल्लाही असतो की खात्री नसेल तर ‘एन’ म्हणा.

दोन वर्षांचे अंतर म्हणजे नवे प्रश्न शेकड्यांनी. भाच्याने चाळीस-पन्नास प्रश्न वाचले, मग एंटर दाबत सुटला, मग त्याला कळले की ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ अशीही एक आज्ञा आहे, जी काहीच विचारत नाही आणि सगळ्या नव्या प्रश्नांना ठरावीक उत्तरे स्वतःच भरून टाकते. त्याने तीच दिली. मीही मान डोलावली, हे कबूल करते. वर्गात पेपर न वाचता सही करणाऱ्या पालकांवर मी रागावते, आणि इथे मी स्वतः तेच केले.

रात्री दहाला कंपाइल सुरू झाले आणि पाचच मिनिटांत थांबले. कसली तरी प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही म्हणाले. उसन्या उत्तरपत्रिकेची ही नेहमीची अडचण आहे. डेबियन, उबुंटू यांसारखी वितरणे आपल्या कर्नेलमध्ये आपली प्रमाणपत्रे घालतात आणि त्या फाइलचा पत्ता उत्तरपत्रिकेत लिहून ठेवतात. तो पत्ता त्यांच्या घरातला, आपल्याकडे ती फाइल नसते. ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ या नावापुढचा पत्ता पुसून अवतरणचिन्हे रिकामी ठेवली की काम पुढे जाते. आमचे गेले. मध्यरात्रीनंतर डिस्क भरली. तीही उसन्या उत्तराचीच देणगी. वितरणाच्या उत्तरपत्रिकेत डीबगची माहिती ‘हो’ केलेली असते, कारण त्यांना ती चुका शोधायला लागते. आपल्याला ती लागत नाही, आणि तिच्यामुळे कंपाइलचा पसारा कित्येक गिगाबाइटने फुगतो. ‘मेक मेनूकॉन्फिग’ने मेनू उघडून ‘कर्नेल हॅकिंग’च्या खाली ती बंद केली आणि पुन्हा सुरू केले. पंखा घूं घूं करत राहिला, आणि मी झोपायला गेले.

सकाळी नवे कर्नेल बसवून लॅपटॉप सुरू केला. पडदा आला, आवाज आला, कीबोर्ड चालला. वायफाय नव्हते.

“खाला, ड्रायव्हर या आवृत्तीत आहे असं सगळे सांगतात. तुम्हीच बघा, फाइलसुद्धा आहे इथं. मग गेला कुठं?”

तो कुठेच गेला नव्हता, तो आलाच नव्हता. आपण नवे कर्नेल घेतले ते ज्या एका ड्रायव्हरसाठी, तो ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिकेत असणे शक्यच नव्हते. म्हणजे तो नव्या प्रश्नांपैकी एक होता. आणि नव्या ड्रायव्हरचे ठरावीक उत्तर जवळजवळ नेहमीच ‘एन’ असते. त्यामागचा विचार योग्यही आहे, ज्याच्याकडे ते यंत्रच नाही त्याच्यावर ओझे का टाकायचे? पण आम्ही शेकडो नव्या प्रश्नांना न वाचता ‘ठरावीक ते द्या’ म्हणालो, आणि त्या शेकड्यांत आमचा स्वतःचा प्रश्नही होता. रात्रभर लॅपटॉप तापवून आम्ही ज्यासाठी हे सगळे चालले होते तेवढेच वगळून बाकीचे कर्नेल बनवले होते.

इथे उत्तरपत्रिकेतली एक खुबी सांगायलाच हवी, कारण ती कळली की अर्धी भीती जाते. ‘डॉट कॉन्फिग’ फाइल उघडली तर ‘हो’ असलेल्या ओळी सरळ दिसतात: नाव, बरोबरचे चिन्ह, आणि ‘वाय’ किंवा ‘एम’. नकार मात्र वेगळ्या तऱ्हेने लिहिलेला असतो. ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह, मग नाव, मग ‘इज नॉट सेट’. संगणकाशी थोडी ओळख असलेल्याला वाटते की हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे नुसती टीप, ती पुसली तरी चालते. इथे तसे नाही. ती ओळ म्हणजे स्पष्ट ‘नाही’ असे उत्तर आहे, आणि ओल्डकॉन्फिग ते वाचते. तीच ओळ पूर्ण पुसली, तर कर्नेल समजते की हा प्रश्न विचारायचाच राहिला, आणि तो नवा म्हणून पुन्हा समोर येतो. वेळापत्रकाच्या चौकोनात काट मारलेली असेल तर तो तास नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. चौकोन कोरा असेल तर ऑफिसातून शिपाई विचारायला येतो. कधीकाळी घाईत ‘नाही’ म्हटलेल्या गोष्टीचा पुन्हा विचार करायचा असेल, तर तिची ओळ पुसून टाकणे हा अगदी कायदेशीर मार्ग आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा लॅपटॉपमधल्या चिपांची नावे देते, ‘के’ जोडला तर कोणत्या चिपला कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही सांगते. आमच्या वायफायच्या ओळीखाली ड्रायव्हरचे नावच नव्हते. चिपचा क्रमांक कागदावर उतरवला. मग वितरणाची मूळ उत्तरपत्रिका पुन्हा आणून ठेवली, प्रमाणपत्राचा पत्ता आणि डीबगची माहिती ही कालची दोन उत्तरे तिच्यात आधी दुरुस्त केली आणि ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ दिले. ही आज्ञा काही बदलत नाही, फक्त नव्या प्रश्नांची यादी समोर टाकते. ती यादी आम्ही पेन्सिल घेऊन वाचली. खरे सांगायचे तर बहुतेक नावे मला परकी होती, त्यालाही. पण शेकडो नावांपैकी आपल्या घराशी संबंध असलेली पाच-सहाच निघाली. वायफायच्या चिपचे नाव त्यात होते. मग ओल्डकॉन्फिग दिले, त्या पाच-सहांपाशी थांबलो, बाकीच्यांना एंटर. वायफायला ‘एम’.

यात आणखी एक आडवळण आहे. काही प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात असतात. वरचा प्रश्न ‘नाही’ झाला असेल तर आतला प्रश्न विचारलाच जात नाही, यादीतही दिसत नाही. नाव सापडत नसेल तर मेनूकॉन्फिगमध्ये तिरक्या रेघेची कळ दाबून शोधा. ते नाव कुठे आहे आणि कशावर अवलंबून आहे, दोन्ही सांगितले जाते. आणि ड्रायव्हर आला तरी कित्येक वायफाय चिपांना फर्मवेअरची वेगळी फाइल लागते. ती उत्तरपत्रिकेतून येत नाही, वेगळी बसवावी लागते. आमच्याकडे लागली.

त्या रात्रीच्या कंपाइलनंतर वायफाय आले. आढावा मोबाइलच्या केबलशिवाय पार पडला.

आता उलट बाजू. जुन्या उत्तरपत्रिकेत आहे, पण नव्या कर्नेलमध्ये तो प्रश्नच उरलेला नाही, तेव्हा काय होते? ओल्डकॉन्फिग नव्याबद्दल विचारते, पण गेलेल्याबद्दल ते थांबून विचारत नाही. ती ओळ नव्या फाइलमधून निघून जाते. बहुतेक वेळा नुकसान नसते. पण जुन्या आयडीई डिस्कचे उदाहरण पाहा. लिनक्समध्ये तशा डिस्कसाठी वर्षानुवर्षे ‘आयडीई’ नावाची जुनी व्यवस्था होती आणि तिच्या शेजारी ‘एटीए’ नावाची नवी. २०२१ साली आलेल्या ५.१४ या आवृत्तीत जुनी व्यवस्था काढून टाकली. आता ज्याच्या उत्तरपत्रिकेत आयडीईला ‘हो’ आणि एटीएला ‘नाही’ लिहिले होते, त्याचे काय होईल? आयडीईचा ‘हो’ प्रश्नासकट गेला. एटीएचा ‘नाही’ मात्र इमानदारीने जपला गेला, कारण ते जुने उत्तर होते. असे कर्नेल सुरू होईल आणि आपलीच डिस्क न सापडून थांबेल. म्हणून ओल्डकॉन्फिगच्या आधी जुन्या फाइलची एक नक्कल वेगळ्या नावाने ठेवा आणि नंतर दोन्ही फाइल ‘डिफकॉन्फिग’ला द्या. कर्नेलच्या मजकुरातच, ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये, हा छोटा प्रोग्राम असतो. काय आले, काय गेले, काय बदलले, तीनही दाखवतो. मला यातली गेलेल्यांची यादी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच कोणी वाचत नाही.

पुढची हकीकत एप्रिलमधली. भाचा एव्हाना या कामात सराईत झाला होता, आणि आणखी नवी आवृत्ती कंपाइल करताना वेळ वाचवावा म्हणून त्याने ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरले. स्टीव्हन रोस्टेड्ट या कर्नेल विकासकाने लिहिलेली ही युक्ती खरोखर कामाची आहे. वितरणाची उत्तरपत्रिका सगळ्या जगाच्या यंत्रांसाठी असते, त्यामुळे तिच्यात मॉड्यूल हजारोंनी. ही आज्ञा या क्षणी आपल्या यंत्रात कोणती मॉड्यूल आत आहेत ते पाहते आणि बाकीची वगळते. रात्रभराचे कंपाइल त्याच्या लॅपटॉपवर तासाच्या आत आले. मला फोन करून त्याने ते अभिमानाने सांगितले.

प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री पुन्हा फोन. कॉलेजने फाइली पेन ड्राइव्हवर मागितल्या होत्या, आणि लॅपटॉपला पेन ड्राइव्ह दिसत नव्हता. “खाला, पेन ड्राइव्ह खराब नाही, अम्मीच्या लॅपटॉपवर चालतो.” मी विचारले, ती आज्ञा दिली तेव्हा पेन ड्राइव्ह जोडलेला होता का? तिकडे बराच वेळ शांतता. त्या क्षणी पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात होता, त्याचे मॉड्यूल आत आलेले नव्हते, म्हणून यादीतून निघाले. त्या आज्ञेच्या दृष्टीने जे आत्ता समोर नाही ते घरात नाहीच. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, कॅमेरा, मोबाइलची केबल, बाहेरचा पडदा, वर्षातून एकदाच लागणारे जे काही असेल ते सगळे एकदा जोडून, वापरून, मगच ही आज्ञा द्यायची.

त्याला मी सांगितले, लॅपटॉप बंद करून सुरू कर आणि मेनूतून दिवाळीचे कर्नेल निवड. ते होते. नवे कर्नेल बसवले तरी जुने पुसले जात नाही, सुरुवातीच्या मेनूत दोन्ही राहतात, फक्त दोघांची नावे वेगळी हवीत. एकाच आवृत्तीचे कर्नेल पुन्हा बनवत असाल तर ‘लोकल व्हर्जन’ या प्रश्नात नावाला एक शेपूट जोडा, नाहीतर नवी मॉड्यूल जुन्यांच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि परतीची वाट बंद होते. फाइली त्या रात्रीच पेन ड्राइव्हवर गेल्या.

ज्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू आहे तिथे घरी बनवलेले, सही नसलेले कर्नेल सुरू होऊ दिले जात नाही. स्वतःची किल्ली करून सही करता येते, पण तो वेगळ्या महिन्याचा विषय. आणि तुमचे वितरण स्वतःच नवे कर्नेल तयार करून देत असेल, तर हा सगळा खटाटोप करूच नका, ते घ्या. आमच्याकडे तो पर्याय नव्हता.

लिनक्सची उत्तरपत्रिका फ्रीबीएसडीला चालेल का, असेही भाच्याने मध्येच विचारले. नाही चालत, ते कर्नेलच वेगळे, प्रश्नच वेगळे. पण त्यांची रीत मला आवडली. फ्रीबीएसडीबरोबर ‘जेनेरिक’ नावाची तयार फाइल येते. तिची नक्कल करून त्यात खाडाखोड करण्यापेक्षा आपली छोटी फाइल बनवतात. वर एकच ओळ, जेनेरिकमधले सगळे घे. खाली आपले नाव, आणि आपल्याला हवे-नको तेवढेच. जेनेरिक नव्या आवृत्तीत बदलले की ते बदल आपोआप मिळतात आणि आपले वेगळेपण चार ओळींत डोळ्यांसमोर राहते. लिनक्समध्ये याच्या जवळचे म्हणजे ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’. ठरावीक उत्तरांपेक्षा वेगळी असलेली उत्तरे तेवढी ते बाजूला काढते, आणि हजारो ओळींची फाइल वाचण्याजोगी होते.

भाच्याने आता तशी एक फाइल करून ठेवली आहे. तिच्या शेजारी एका वहीत प्रत्येक बदललेल्या उत्तरापुढे कारण लिहिले आहे, वायफायपुढे चिपचा क्रमांकही. पेन ड्राइव्हच्या मॉड्यूलपुढे त्याने फक्त एप्रिलमधली ती तारीख लिहिली आहे.